गॅसवाहिनी नसलेल्या घराचे हीटिंग: रॉकेलच्या टाकीपासून हीट पंपापर्यंत

न्यूकॅसलमधील गॅसवर तापणारा फ्लॅट सोडून २०२१च्या शरद ऋतूत आम्ही नॉर्थम्बरलँडमधील हेक्समच्या उत्तरेला एका खेड्यात जुने दगडी घर घेतले. घर पाहायला गेलो तेव्हा छप्पर, भिंतींतली ओल, शाळेचे अंतर असे सगळे तपासले; गॅसचा मीटर कोठे आहे हे विचारायचे मात्र राहून गेले. मीटर नव्हताच. परसात कुंपणाच्या कडेला हिरव्या प्लास्टिकची, माणसाच्या उंचीची एक टाकी होती आणि तिचे झाकण उघडल्यावर आलेला वास मला थेट लहानपणीच्या रेशनच्या रांगेत घेऊन गेला. इकडे त्याला हीटिंग ऑइल म्हणतात, पण ते रॉकेलच आहे. आपल्याकडे ज्याच्यावर स्टोव्ह पेटत असे, त्याच्यावर इथली लक्षावधी घरे तापतात.

ब्रिटनमध्ये ढोबळमानाने सातातील एका घरापर्यंत गॅसची वाहिनी पोहोचलेली नाही, आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर जवळजवळ दोन तृतीयांश घरे रॉकेलवर तापतात. वेल्सच्या डोंगराळ भागात, कंब्रियात, स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये रुग्णालयांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबे आता बरीच आहेत, आणि त्यांतील अनेकांना माझ्यासारखाच हा विषय घर घेतल्यानंतर कळतो. म्हणून आम्ही जे पर्याय तपासले, त्यांतला जो निवडला, आणि तो बसवून घेताना जे चांगले-वाईट अनुभवले, ते येथे सविस्तर लिहीत आहे. यंत्राच्या आणि बसवणाऱ्या कंपनीच्या नावांना मी मुद्दाम हात घातलेला नाही, कारण दोन हिवाळ्यांनंतर माझे मत असे झाले आहे की यंत्र कोणाचे यापेक्षा ते बसवण्याआधी तुमच्या घराचा हिशेब कोणी आणि किती बारकाईने केला, यावर सगळे अवलंबून असते.

आधी रॉकेलविषयी, कारण तीन हिवाळे आम्ही त्याच्यावरच काढले आणि त्याला उगाच नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. रॉकेलचा बॉयलर जोरकस असतो. आमचा जुना बॉयलर २६ किलोवॅटचा होता. सकाळी सहाला तो धडधडत सुरू झाला की पाऊण तासात घर उबदार होई आणि रेडिएटरला हात लावला तर चटका बसे. एका लिटर रॉकेलमध्ये सुमारे १०.३ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, उष्णता असते, आणि नीट देखभाल केलेला कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे धुरातली उष्णताही परत घेणारा, त्यातली ८५ ते ९० टक्के घरात उतरवतो. टाकी भरून ठेवली की दोन-तीन महिने बघावे लागत नाही. दुरुस्ती करणारे लोक जवळच्या गावात मिळतात. शेजारपाजारची पंधरा-वीस घरे मिळून एकत्र मागणी नोंदवतात आणि टँकर एका फेरीत सगळ्यांना माल देतो, त्यामुळे भावही थोडा कमी पडतो.

अडचण भावाच्या चढउताराची आहे. गॅस आणि विजेच्या दरांवर ऑफजेम या नियामक संस्थेची कमाल मर्यादा असते. रॉकेलला अशी कोणतीही मर्यादा नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात रॉकेलचा भाव लिटरला एक पौंडाच्या पलीकडे गेला. बहुतेक विक्रेते ५०० लिटरपेक्षा कमी माल देत नाहीत, त्यामुळे अडीअडचणीला थोडेसे घेऊन वेळ मारून नेणेही शक्य नसते. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन परसात जाई, टाकीत लाकडी पट्टी सोडी आणि ओल्या खुणेपासून तळापर्यंतचे अंतर बोटांनी मोजी. एके दिवशी ते अंतर सात बोटे उरले. पट्टी पुसलेल्या फडक्याचा वास दोन दिवस हाताला राहिला. सरकारने पुढच्या वर्षी अशा घरांना २०० पौंडांची मदत दिली, पण तोवर तो हिवाळा सरला होता. इंधनाचा खर्च आपल्या हाती नाही ही जाणीव मला तेव्हा पहिल्यांदा नीट झाली आणि पर्याय शोधायला सुरुवात झाली.

सिलिंडरचा गॅस, म्हणजे एलपीजी, आपल्याला सगळ्यांत परिचित. तरीही येथील एलपीजी आणि आपल्या स्वयंपाकघरातला एलपीजी यांत फरक आहे. भारतात घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्याच्या किंचित खालीच द्रवरूपात अडकून बसतो, त्यामुळे इथे घराबाहेर ठेवायच्या सिलिंडरमध्ये प्रोपेनच लागतो, जो उणे ४२ अंशांपर्यंत वायू देत राहतो. घर तापवण्यासाठी लागणारे लाल सिलिंडर ४७ किलोचे असतात, आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या तिपटीहून मोठे. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण हिशेब करून पाहिला तर अशा एका सिलिंडरमध्ये साधारण ६५० युनिट उष्णता असते आणि आमच्यासारखे घर ऐन जानेवारीत दिवसाला शंभर युनिटांच्या आसपास खाते. पाच-सहा दिवसांत सिलिंडर रिकामा. मोठी टाकी बसवली तर ही यातायात टळते, मात्र टाकी बहुधा पुरवठादाराच्या मालकीची असते आणि ठरावीक मुदतीपर्यंत गॅस त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. ही मुदत दोन वर्षांपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. ज्यांना गॅसवरच स्वयंपाक हवा आहे, ज्यांच्या परसात रॉकेलच्या टाकीला जागा नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय ठीक आहे. आम्ही तो लवकरच बाजूला ठेवला.

स्टोरेज हीटर हा विजेवरचा जुना मार्ग. लोखंडी पेटीत जड विटा रचलेल्या असतात. रात्रीच्या सात तासांच्या स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर ती ऊब हळूहळू सोडतात. तत्त्व अगदी सरळ आहे. आमच्या ओळखीचे एक मराठी जोडपे अशाच हीटरांच्या भाड्याच्या घरात राहते; त्यांची तक्रार अशी की सकाळी घर उकडते आणि संध्याकाळी दमूनभागून परत यावे तर विटा कोमट झालेल्या असतात. नव्या पिढीचे हीटर उष्णता बरीच जास्त वेळ धरून ठेवतात आणि लहान, दिवसभर माणसे असलेल्या फ्लॅटसाठी ते चांगले आहेत. आमच्या एवढ्या घराला ते परवडले नसते.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सिरॅमिकचे, जेलचे, ‘शंभर टक्के कार्यक्षम’ अशी जाहिरात करणारे भिंतीवरचे विजेचे रेडिएटर घेण्यापूर्वी थांबा. विजेचा कोणताही साधा हीटर एका युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. वीस पौंडांचा पंख्याचा हीटर आणि सहाशे पौंडांचा चकचकीत पॅनेल या बाबतीत अगदी सारखे आहेत. महागड्या पॅनेलमुळे वीज वाचते हा दावा मी तीन विक्रेत्यांकडून ऐकला आणि तिघांपैकी एकालाही ती कशी वाचते हे सांगता आले नाही. नव्याने आलेली कुटुंबे याच ठिकाणी सर्वांत जास्त फसतात.

एका युनिटातून तीन युनिट उष्णता मिळवायची असेल तर ती निर्माण न करता कोठून तरी उचलून आणावी लागते, आणि हेच काम हीट पंप करतो. फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला तर ती गरम लागते, कारण आतल्या भाज्यांची उष्णता फ्रिजने बाहेर आणून टाकलेली असते. हीट पंप बाहेरच्या गार हवेशी तेच करतो. शून्य अंशाची हवासुद्धा उष्णता बाळगून असते. तिच्याहून अधिक थंड केलेले शीतकद्रव्य त्या हवेच्या संपर्कात आणले की उष्णता त्यात शिरते, मग कॉम्प्रेसर ते द्रव्य दाबून तापवतो आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला देतो. पुण्या-नागपुरातला एसी उलट्या दिशेने चालवला तर जे होईल तेच. ही कल्पना नवीही नाही. लॉर्ड केल्विन यांनी ती १८५२मध्ये ग्लासगोत मांडली होती, आणि १९४५मध्ये जॉन समनर या अभियंत्याने नॉरिच शहराच्या वीज खात्याची इमारत नदीच्या पाण्यातून उष्णता काढून तापवली होती. थंड देशात हे चालत नाही असे जे मला शेजाऱ्यांनी सांगितले, त्याला हे पुरेसे उत्तर आहे.

मात्र हीट पंपाची एक अट आहे, आणि ती समजून न घेतल्यामुळेच त्याची बदनामी झाली आहे. रॉकेलचा बॉयलर ७० अंशांचे पाणी जितक्या सहज देतो, तितक्या सहज हीट पंप देत नाही. देतो, पण मग वीज फार लागते. त्याला ४० ते ४५ अंशांचे कोमट पाणी अखंड फिरवत ठेवायला आवडते. पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवले की विजेची ढोबळमानाने दोन-अडीच टक्के बचत होते. आता कोमट पाण्यावर तोच रेडिएटर कमी उष्णता देणार हे उघड आहे. जो रेडिएटर बॉयलरच्या कढत पाण्यावर खोलीला पुरत होता, तो ४५ अंशांच्या पाण्यावर निम्म्याहून कमी उष्णता देतो. म्हणून काही रेडिएटर मोठे करावे लागतात, घराची गळती कमी करावी लागते, आणि यांतले किती करायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येक खोलीचा वेगळा हिशेब मांडावा लागतो: भिंतीचे क्षेत्रफळ, तिची जाडी, खिडक्या किती आणि कशा, वर माळा आहे की उघडे छप्पर, दारांतून किती वारा येतो, आणि बाहेर उणे तीन अंश असताना आत २१ अंश ठेवायला किती किलोवॅट लागतील.

आम्ही तीन कंपन्यांकडून दरपत्रके मागवली. पहिल्या कंपनीच्या माणसाने फोनवरच घराचे क्षेत्रफळ विचारले, दहा मिनिटांत १४ किलोवॅटचे यंत्र सुचवले आणि पाहणीला यायची गरज नाही असे सांगितले. दुसऱ्याने पाहणी केली, पण एकही माप घेतले नाही. तिसऱ्या कंपनीकडून आलेली तरुण मुलगी सकाळी साडेनऊला आली आणि दुपारी दोनला गेली. तिने लेझरने प्रत्येक भिंत मोजली, पोटमाळ्यावर चढून उष्णता अडवणाऱ्या लोकरीच्या थराची जाडी पाहिली, खिडकीच्या काचांमधले अंतर पट्टीने मोजले, आणि जिन्याखालच्या कपाटात वाकून तांब्याच्या नळ्यांचा व्यास तपासला. जुन्या घरांत आठ-दहा मिलिमीटरच्या बारीक नळ्या असतील तर हीट पंपाला लागणारे पाणी त्यांतून वाहू शकत नाही, हे तिने मला तेव्हाच समजावून सांगितले. सुदैवाने आमच्या नळ्या १५ मिलिमीटरच्या निघाल्या. चार दिवसांनी आलेल्या अहवालात घराची कमाल गरज ७.६ किलोवॅट अशी होती. ज्या घरात २६ किलोवॅटचा बॉयलर धडधडत होता, ज्याच्यासाठी १४ किलोवॅटचे यंत्र विकायला एक जण निघाला होता, त्याची खरी गरज एवढीच. गरजेपेक्षा मोठे यंत्र सारखे चालू-बंद होत राहते, वीज जास्त खाते आणि लवकर झिजते. ती पाहणी हीच या साऱ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची सेवा होती, आणि तिला मी पाचपैकी पाच गुण देते.

अहवालानुसार माळ्यावरचा थर शिफारशीप्रमाणे २७० मिलिमीटर जाडीचा केला, दोन दारांना वाऱ्यासाठी पट्ट्या लावल्या आणि तेरापैकी नऊ रेडिएटर बदलले. दगडी भिंतींना आतून काही लावले नाही, कारण जुनी दगडी भिंत श्वास घेते. तिच्यावर चुकीचे आवरण चढवले तर ओल आत कोंडते आणि पुढच्या वर्षी बुरशी दिसते. यंत्र ८ किलोवॅटचे, शीतकद्रव्य म्हणून प्रोपेन वापरणारे. प्रोपेन ज्वालाग्राही असल्यामुळे बाहेरचे यंत्र खिडक्या, दारे आणि गटाराची तोंडे यांपासून ठरावीक अंतरावर ठेवावे लागते. ही जागा आधी मोजून घ्यावी, नाहीतर ऐन वेळी पंचाईत होते. आत २१० लिटरची गरम पाण्याची टाकी आली. टाकीशिवाय लागेल तेव्हा पाणी तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरची सवय असलेल्यांना ही टाकी अडगळ वाटते, मला मात्र तिच्यामुळे आजोळचा तांब्याचा बंब आठवला. फरक इतकाच की हिच्याखाली ढलप्या सरकवाव्या लागत नाहीत. आठवड्यातून एकदा ती पाणी ६० अंशांपर्यंत तापवते, म्हणजे त्यात लिजिओनेला हे जंतू वाढत नाहीत.

खर्च एकूण साडेतेरा हजार पौंड. त्यातून बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी अनुदान योजनेचे साडेसात हजार पौंड वजा झाले. म्हणजे आमच्या खिशातून सहा हजार गेले. ही योजना इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे, ऑक्टोबर २०२३मध्ये तिची रक्कम पाच हजारांवरून साडेसात हजारांवर नेली गेली, आणि अर्ज घरमालकाला करावा लागत नाही. एमसीएस, म्हणजे अशा कामाच्या दर्जाचे, प्रमाणपत्र असलेली बसवणारी कंपनीच तो करते आणि बिलातून रक्कम वळती करते. स्कॉटलंडमधील योजना वेगळी आहे. तेथे अनुदानासोबत बिनव्याजी कर्जही मिळते आणि ग्रामीण भागासाठी जादा रक्कम असते. हीट पंप बसवण्याच्या कामावर मार्च २०२७पर्यंत व्हॅटही नाही. पूर्वी घराच्या ऊर्जा-प्रमाणपत्रात माळ्याच्या किंवा पोकळ भिंतींच्या इन्सुलेशनची शिफारस शिल्लक असेल तर अनुदान अडत असे. मे २०२४पासून ती अट गेली. अट गेली तरी माळ्याचे काम आधी करावे असेच मी सांगेन.

यानंतरचा भाग मला तितक्याच स्पष्टपणे लिहिला पाहिजे. काम करणारी माणसे नेटकी होती, नळ्यांचे जोड सुबक केले, चार दिवसांत सगळे आटोपून घर झाडून दिले. पण जाताना त्यांनी पाण्याचे तापमान ५५ अंशांवर कायम करून ठेवले आणि बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचे तापमान आपोआप कमी-जास्त करणारी सोय, जिला वेदर कॉम्पेन्सेशन म्हणतात, ती सुरूच केली नाही. नोव्हेंबर २०२४ ते डिसेंबरचा मध्य, असे सहा आठवडे यंत्र एका युनिट विजेमागे जेमतेम २.४ युनिट उष्णता देत होते. बिल पाहून मला वाटले की शेजारी म्हणत होते तेच खरे. कंपनीला तीनदा फोन केले, प्रत्येक वेळी ‘यंत्र व्यवस्थित चालू आहे’ असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. यंत्र चालू होते, फक्त चुकीच्या तापमानावर. शेवटी पाहणीला आलेल्या त्याच मुलीशी बोलणे झाले, तिने दुसऱ्या दिवशी येऊन पंधरा मिनिटांत नियंत्रण बदलले: बाहेर उणे तीन असताना ४५ अंश, बाहेर दहा असताना ३२. तिने मला तो आलेख कसा वरखाली सरकवायचा हेही शिकवले. ज्या कंपनीने इतका बारीक हिशेब केला, तिनेच शेवटच्या पंधरा मिनिटांची कुचराई करावी याचे मला आजही वाईट वाटते. बसवण्याच्या सेवेला म्हणून पाचपैकी तीनच. पैशांचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी हे नियंत्रण आपल्यासमोर सुरू करून दाखवायला सांगा.

दुसरी चूक बाहेरच्या निचऱ्याची. हवेत दमटपणा आणि तापमान शून्य ते चार अंश असले की यंत्राच्या जाळीवर बर्फ साचतो. यंत्र मग दर तास-दीड तासाने काही मिनिटे उलटे फिरून तो वितळवते. त्या वेळी जाळीतून पांढरी वाफ उसळते आणि खाली बादलीभर पाणी गळते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा यंत्राला आग लागली असेच मला वाटले होते. आमचे हे पाणी मागच्या दाराच्या फरशीवर सोडलेले होते, आणि जानेवारीत एका पहाटे त्याचा काचेसारखा बर्फ झाला. कचऱ्याचा डबा घेऊन निघालेला नवरा तेथे पडला आणि मनगट दुखावून घेतले. नंतर खडीचा खड्डा करून पाणी त्यात सोडले. निचरा कोठे जाणार हा प्रश्न दरपत्रकाच्या वेळीच विचारावा.

यापुढचे सगळे सांगणे समाधानाचे आहे. त्या जानेवारीत आई साताऱ्याहून आली होती. पहिल्या संध्याकाळी तिने दिवाणखान्यातल्या रेडिएटरवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, “अगं, हा तर कोमटच आहे. बिघडला की काय?” बाहेर उणे चार होते, भिंतीवरच्या तापमापकात २०.५. तिने अंगावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती, पण हाताला चटका बसत नाही म्हणजे घर तापत नाही, हे तिच्या मनातून दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “रात्री उठले तरी गारठा लागत नाही गं इथे, गुडघे आखडत नाहीत.” रॉकेलच्या दिवसांत रात्री अकराला बॉयलर बंद होई आणि पहाटे चारला घर १४ अंशांवर उतरलेले असे, सकाळी पुन्हा धडधड. आता दिवसरात्र तापमान एक-दीड अंशाच्या आत राहते. खिडक्यांच्या कोपऱ्यातली काळी बुरशी त्या वर्षी आली नाही. आवाजाबद्दल म्हणाल तर यंत्रापासून दोन-तीन पावलांवर फ्रिजसारखी घरघर ऐकू येते, बंद खिडकीच्या आत काही नाही. कडाक्याच्या थंडीत मात्र आवाज वाढतो, आणि शेजारचे घर अगदी लागून असेल तर जागा विचारपूर्वक ठरवावी.

पैशांचा हिशेब जसा आहे तसा देते. २०२५ या पूर्ण वर्षात यंत्राने सुमारे ५,२०० युनिट वीज घेऊन १६,४०० युनिट उष्णता दिली, म्हणजे गुणोत्तर ३.१५. ब्रिटिश सरकारच्या पाठबळावर ७४२ घरांत झालेल्या चाचणीत हवेवरच्या हीट पंपांचे मधले गुणोत्तर २.८च्या आसपास आले होते, त्यामानाने आमचे बरे आहे, पण विक्रेते सांगतात ते चार किंवा पाच जुन्या दगडी घरात येत नाही. युनिटला साधारण २६ पेन्स या सर्वसाधारण दराने ही वीज १,३५० पौंडांची होते. एवढीच उष्णता रॉकेलवर मिळवायला सुमारे १,९०० लिटर लागले असते, आणि त्या वर्षी आमच्या भागातल्या ६० ते ६५ पेन्सच्या भावाने त्याचे १,१८० पौंड झाले असते. म्हणजे साध्या दराच्या विजेवर हीट पंप महाग पडला असता. आम्ही हीट पंपासाठी असलेल्या विशेष दराची वीज घेतो, दुपारच्या आणि पहाटेच्या स्वस्त वेळांत घर व पाण्याची टाकी तापवून घेतो आणि संध्याकाळच्या महाग वेळेत यंत्र मंद ठेवतो. त्यामुळे सरासरी १९ पेन्स पडली आणि वर्षाचे ९९० पौंड झाले. बचत दीड-दोनशे पौंडांची. जो विक्रेता बिल निम्मे होईल असे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ज्यांचा रॉकेलचा बॉयलर नवा आहे आणि टाकी धड आहे, त्यांनी केवळ पैशांसाठी तो मोडून टाकावा असे मी म्हणणार नाही. आमचा बॉयलर १९ वर्षांचा होता, टाकीला चीर गेलेली होती, आणि दोन्ही नवे घ्यायलाच सहा हजारांच्या आसपास खर्च आला असता. त्यामुळे आमच्यापुढचा प्रश्न सोपा झाला.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. २६ नोव्हेंबर २०२१च्या रात्री अर्वेन वादळाने उत्तर इंग्लंड आणि पूर्व स्कॉटलंड झोडपले, सुमारे दहा लाख घरांची वीज गेली आणि काही हजार घरांत ती आठवड्याहून अधिक काळ आली नाही. आमच्याकडे ती पाचव्या दिवशी आली. त्या वेळी आमच्याकडे रॉकेल होते, टाकी अर्धी भरलेली होती, आणि तरीही घर गार पडले, कारण रॉकेलच्या बॉयलरचा पंप, पंखा आणि ठिणगी सगळे विजेवरच चालते. ‘वीज गेली तर हीट पंप बंद पडेल’ असे जे लोक काळजीने विचारतात त्यांना मी हेच सांगते. त्या पाच दिवसांत आम्हाला शेजारच्या म्हाताऱ्या आजी-आजोबांनी त्यांच्या लाकडाच्या शेगडीपाशी बसवून घेतले, तिच्यावरच सूप तापवले, मुलांना तिथेच झोपवले. हीट पंप बसवताना त्यामुळे दिवाणखान्यातली जुनी चूल बुजवू दिली नाही. तेथे लहानशी, नव्या उत्सर्जन-नियमांत बसणारी लोखंडी शेगडी घेतली. तिच्यात २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेलेच लाकूड घालावे, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत असलाच पाहिजे. रोजच्या तापवणीसाठी लाकूड मला पटत नाही. धूर, राख आणि ढीगभर साठवण ही वयस्कर माणसांच्या हातची कामे नव्हेत.

गावाने मिळून काही करायचे ठरवले तर त्याहून चांगली वाट असू शकते. केंब्रिजशरमधील स्वाफम प्रायर या रॉकेलवर चालणाऱ्या खेड्याने जमिनीतून आणि हवेतून उष्णता घेणारे एकच केंद्र उभारले आणि २०२२पासून तेथील घरांना नळांतून गरम पाणी मिळू लागले. ज्यांच्या घरात मोठ्या यंत्राला जागा नाही त्यांचीही त्यात सोय झाली. आमच्या खेड्यात घरे विखुरलेली असल्याने ते जमणार नाही.

ज्यांचा बॉयलर पंधरा वर्षांच्या पुढे गेला आहे त्यांनी खोलीवार पाहणी येत्या उन्हाळ्यातच करून घ्यावी. बॉयलर जानेवारीत बंद पडला, घरात लहान मूल किंवा पाहुणी आलेली आई असली, की माणूस दुसऱ्या दिवशी जे बसवून मिळेल ते घेतो, आणि दुसऱ्या दिवशी मिळतो तो पुन्हा रॉकेलचा बॉयलरच. पाहणीला आमच्याकडे ३०० पौंड घेतले आणि काम दिल्यावर ते बिलातून वजा केले. काम दिले नसते तरी अहवाल आमचाच राहिला असता आणि तो दुसऱ्या कोणत्याही कंपनीला दाखवता आला असता. टाकीत शेवटी उरलेले दोनशे लिटर रॉकेल आम्ही त्या शेजारच्या आजी-आजोबांना दिले. त्यांचा बॉयलर बावीस वर्षांचा आहे. मे महिन्यात त्यांच्या घराची मापे घ्यायला तीच मुलगी येणार आहे, आणि पोटमाळ्याची शिडी धरायला मी जाणार आहे.